बेटाआधीचं गाव

थायलंडमधल्या को सामुई बेटाला रेल्वेने निघालेला प्रवासी 'सुरत थानी' अशी पाटी वाचून उतरतो आणि त्याला वाटतं, आता बोट समोरच असेल. ते स्टेशन असतं फुनफिन नावाच्या गावात. सुरत थानी शहर तिथून १२-१३ किलोमीटर, आणि सामुईच्या मोठ्या फेरीबोटी सुटतात त्या डोन सकहून, म्हणजे शहराच्या पुढे आणखी साठेक किलोमीटरवरून. फेरीला समुद्रावर दीड तास लागतो. स्टेशनपासून धक्क्यापर्यंतच्या रस्त्यालाही जवळपास तेवढाच वेळ जातो. जगभर हाच प्रकार आहे. मलेशियातल्या सिपादानला जायचं तर विमानाने तवाऊ, रस्त्याने सेंपोर्ना आणि मग बोट. तिथल्याच परहेंतियन बेटांसाठी कोटा भारूचा विमानतळ आणि पुढे कुआला बेसुटची जेट्टी. इंडोनेशियातल्या गिली बेटांसाठी लोंबोकवरचं बांगसाल. बेटाचं नाव सगळ्यांना पाठ असतं, या गावांची नावं मात्र तिकीट काढताना पहिल्यांदा कळतात.

माझ्या मते लहान बेटाचा प्रवास याच गावांमध्ये जमतो किंवा फसतो. विमान ठरलेल्या वेळी निघतं, बस थोडीफार उशिरा का होईना पण सुटते. बोटीचं तसं नाही. वारा वाढला, लाट चढली, माणसं कमी आली, इंजिन रुसलं की बोट आज नाही, उद्या. ही 'उद्या'ची जागा वेळापत्रकात आधीच ठेवलेली नसेल, तर एक रद्द बोट पुढची तीन तिकिटं वाया घालवते.

म्हणून आखणी उलटी करायची, परतीच्या विमानापासून मागे. परतीच्या आदल्या रात्री मुक्काम बेटावर ठेवायचा नाही, मुख्य भूमीवर किंवा विमानतळाच्या मोठ्या बेटावर ठेवायचा. बेट लांबचं असेल, दोन बोटी बदलाव्या लागत असतील किंवा हंगाम उलटायला आलेला असेल, तर एकाऐवजी दोन रात्री. तीन-चार बेटं करायची असतील तर सगळ्यात लांबचं आधी गाठायचं आणि एकेक टप्प्याने जवळ येत जायचं. लोक बरोबर उलटं करतात. जवळच्या बेटावर मजा करून शेवटी लांबच्या टोकाला जातात, आणि नेमक्या शेवटच्या दोन दिवसांत समुद्र बिघडला की तिथेच अडकतात.

जातानाही घाई नको. अंधार पडल्यावर लहान बोटी सहसा निघत नाहीत, आणि त्याला कारण आहे. प्रवाळाच्या उथळ पाण्यात तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, डोळ्यांनी वाट काढतो. सूर्य वर आणि पाठीमागे असेल तर गडद निळं खोल पाणी, हिरवट उथळ पाणी आणि पाण्याखालचा तपकिरी खडक वेगवेगळे दिसतात. ऊन तिरकं झालं की सगळं एकाच रंगाचं चकाकतं. मालदीवमधली सीप्लेन्स तर फक्त दिवसाउजेडीच उडतात, त्यामुळे आंतरराष्ट्रीय विमान संध्याकाळी उतरत असेल तर पहिली रात्र राजधानी माले किंवा शेजारच्या हुलहुमालेला काढायची, हे गृहीतच धरायचं. तिथल्या सार्वजनिक फेऱ्या बहुतेक मार्गांवर शुक्रवारी बंद असतात. गुरुवारी रात्री उतरणाऱ्याला हे माहीत नसेल तर शुक्रवारी महागड्या स्पीडबोटीवाचून गत्यंतर नसतं.

तिकिटाचं एक सांगून ठेवतो. बस आणि बोट एकाच जोडतिकिटावर असेल तर बसला उशीर झाल्यावर पुढच्या बोटीत बसवण्याची जबाबदारी तिकीट देणाऱ्याकडे राहते. दोन्ही वेगवेगळी काढली तर चुकलेली बोट तुमची. जिथे दिवसाला दोनच बोटी आहेत तिथे जोडतिकीट थोडं महाग असलं तरी घ्यावं. जिथे दर तासाला बोट आहे तिथे उगाच पैसे घालू नयेत.

हंगाम, आणि बेटाच्या दोन बाजू

'डिसेंबर चांगला का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि देशाच्या नावावरून तर मुळीच मिळत नाही. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, फुकेत-क्राबीकडे, पावसाचे महिने मे ते ऑक्टोबर. त्याच देशाच्या पूर्वेला आखातात सामुईला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, त्यातही नोव्हेंबरात. मलेशियात ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी परहेंतियनची बहुतेक हॉटेलं कुलूपबंद असतात, आणि त्याच दिवसांत पश्चिमेचं लंकावी छान कोरडं असतं. थायलंडचं सिमिलान राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात.

वादळांचं गणित निराळं. कॅरिबियनमध्ये हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या आगेमागे असतो. दक्षिण प्रशांतातली चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिलची. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळं क्वचितच होतात, कारण हवेला गरगर फिरवायला लागणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फार क्षीण असतो. कॅरिबियनच्या दक्षिणेला व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटंही वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात. सप्टेंबरखेरीज सुट्टीच नसेल तर नकाशावर आधी ती शोधावीत. आणि विषुववृत्त म्हणजे कोमट पाणी असंही नाही. गॅलापागोसला जून ते नोव्हेंबर थंड प्रवाहामुळे पाणी इतकं गार असतं की जाड वेटसूटशिवाय अर्धा तास काढणं कठीण.

पण हंगामापेक्षा दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बेटाची बाजू. प्रत्येक बेटाला वाऱ्याकडची एक बाजू असते आणि आडोशाची एक. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा आदळत असतात, तेव्हा पश्चिमेला पाणी तळ्यासारखं असतं. मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात तर या बाजू वर्षातून दोनदा अदलाबदल करतात. फिलिपाइन्समधल्या बोराकायचं बघा. ईशान्येचा 'अमिहान' वाहतो तेव्हा पश्चिमेची प्रसिद्ध पांढरी पुळण शांत. जूननंतर नैर्ऋत्येचा 'हाबागात' आला की त्याच पुळणीवर लाटा फुटतात, वाळू उडू नये म्हणून हॉटेलवाले जाळ्या लावतात, आणि बोटीसुद्धा समोरच्या कातिक्लान धक्क्याऐवजी ताबोनहून सुटून बेटाच्या दुसऱ्या बाजूला लागतात. हॉटेल आरक्षित करताना सुंदर फोटो पाहण्यापेक्षा एवढंच पाहा: त्या महिन्यात वारा कुठून येतो, आणि ती पुळण कोणत्या दिशेला तोंड करून आहे. फोटो नेहमी चांगल्या महिन्यातला असतो.

अंदाज वाचताना

हवामानाच्या ॲपमधलं ढगाचं चित्र बोटीच्या कामाचं नाही. मुसळधार पावसात बोट जाते, रखरखीत उन्हात रद्द होते. पाहायच्या गोष्टी तीन: वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि दोन लाटांमधला काळ.

वारा बहुधा नॉटमध्ये देतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. १० नॉटच्या खाली लहान बोटीला फारसा त्रास नाही. १५च्या आसपास समुद्रावर पांढरे फेस दिसू लागतात आणि अंग भिजतं. २०च्या वर गेला की उघड्या होड्या थांबलेल्या बऱ्या. लाटेची जी उंची दिलेली असते ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे 'दीड मीटर' लिहिलेलं असेल तर अधूनमधून एखादी जवळपास तीन मीटरचीही येऊ शकते. तिसरा आकडा लोक पाहतच नाहीत आणि तोच महत्त्वाचा. दीड मीटरच्या लाटा ५ सेकंदांच्या अंतराने येत असतील तर स्पीडबोट पाण्यावर दगडासारखी आपटत जाते. दोन मीटरच्या लाटा १४ सेकंदांनी येत असतील तर भर समुद्रात नुसतं वरखाली झोका घेतल्यासारखं वाटतं. मात्र याच लांब लाटा उथळ पाण्यात आल्या की उंच होऊन फुटतात. म्हणून कधी कधी प्रवास सुखाचा होतो, पण उतरणं जमत नाही. अशी लाट हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून येते. आकाश निळंशार, वारा शून्य, आणि तरीही तांडेल म्हणतो आज बोट लागणार नाही. तो टाळाटाळ करत नसतो.

साध्या दिवशी सकाळची पहिली बोट सगळ्यात चांगली. रात्रभर जमिनीकडून येणारा मतलई वारा सकाळी मंदावलेला असतो. जमीन तापली की दुपारी खारा वारा सुटतो आणि पाणी खवळतं. शिवाय पहिली बोट रद्द झाली तर दुसरी उरते. शेवटची रद्द झाली की हॉटेल शोधायचं.

बोटीत

ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागणारच असं नाही, पण तयारी हवी. मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी तासभर घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा पुढे दुचाकी चालवायची असेल तर जपून. रिकाम्या पोटी बसू नये, तुडुंब खाऊनही बसू नये. मोबाइल खिशात ठेवून क्षितिजाकडे बघत राहावं.

जागा बोटीप्रमाणे बदलते. मोठ्या फेरीत मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी. स्पीडबोटीत मागच्या अर्ध्यात बसायचं. पुढचं टोक लाटेवर उचललं जाऊन आपटतं, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या मणक्याला खरोखर इजा होते. कंबरेचं दुखणं असलेल्यांनी, वयस्करांनी आणि गरोदर बायकांनी पुढची जागा कितीही हवेशीर असली तरी नाकारावी. मागे इंजिनाचा धूर येतो, तो सहन करावा. बंद केबिनच्या लहान बोटीत खिडकीपासून लांब, आतल्या कोपऱ्यात बसू नये, बाहेर पडायची वाट लक्षात ठेवावी.

चढण्याआधी अर्धा मिनिट बोटीकडे बघा. कठडा पाण्यापासून किती वर आहे? टपावर बॅगांचा डोंगर रचला आहे का? त्याने बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि ती लाटेत जास्त कलते. लाइफ जॅकेटं हाताला लागतील अशी आहेत की आसनाखाली दोरीने बांधून ठेवलीत? मुलांच्या मापाची आहेत का? मोठ्या मापाच्या जॅकेटातून लहान मूल पाण्यात पडताच खाली सरकतं. जॅकेट निघतानाच घालून बकल लावायचं, कारण खवळलेल्या पाण्यात ते घालणं फार अवघड जातं. यातलं काही भयंकर वाटलं तर उतरून यावं. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडाले.

चाकांची बॅग वाळूवर निरुपयोगी. ज्या बेटाला धक्का नाही तिथे गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं आणि बॅग डोक्यावर किंवा खांद्यावर घ्यावी लागते. दहा-बारा किलोची पाठपिशवी, आत कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पासपोर्ट, पैसे, औषधं, फोन एका छोट्या जलरोधक पिशवीत अंगावर. त्या पिशवीचं तोंड कमीत कमी तीन वळ्या घातल्याशिवाय पाणी अडवत नाही. लहान विमानाने जायचं असेल तर सामानाची मर्यादा आधीच बघावी. सीप्लेनमध्ये ती साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो इतकी असते, आणि काही लहान विमानांच्या आधी प्रवाशालाही सामानासकट काट्यावर उभं करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, वजनाचा तोल खरोखरच त्यावर ठरतो.

बोटीतून धक्क्यावर पाय टाकताना बोट लाटेबरोबर वर आलेली असेल त्या क्षणी टाकायचा, खाली जात असताना नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान नंतर कोणीतरी देतं. बोट आणि धक्का यांच्या फटीत हात-पाय कधीही नको. पुळणीवर उतरलात तर बोटीच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उभं राहू नका. मागून आलेली लाट बोट उचलून अंगावर आणते.

भरती-ओहोटी

आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून भरती सांगतात, ते कुठल्याही समुद्राला बऱ्यापैकी लागू पडतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक थोडा. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. पण सगळीकडे दिवसातून दोन भरत्या असतात असं धरून चालू नका. थायलंडच्या आखातात बऱ्याच ठिकाणी एकच असते. कॅरिबियनमध्ये फरक इतका कमी, अर्ध्या मीटरच्या आत, की भरतीचा विचार नाही केला तरी चालतं. क्राबीकडे मात्र तो दोन-अडीच मीटरच्या घरात जातो. तिथल्या रायले पुळणीला डोंगरकड्यांमुळे बोटीनेच जाता येतं, आणि ओहोटीला त्याच्या पूर्वेच्या बाजूला बोट लांबच थांबते. मग चिखलातून बॅग उचलून चालत या.

पाणी सहा तासांत एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात २० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ६०. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावरून शेजारच्या बेटावर चालत जाणारे इथेच फसतात. तासभर पाणी जेमतेम वाढलेलं दिसतं, म्हणून ते निवांत बसतात, आणि पुढच्या दोन तासांत वाट कंबरेएवढी होते. सर्वांत कमी पाण्याच्या तास-दीड तास आधी निघावं आणि ओहोटी संपल्यावर अर्ध्या तासात परतावं. तक्त्यातली वेळ नेमकी त्या बेटाची आहे की जवळच्या मोठ्या बंदराची, हेही तपासावं. अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

पोहण्यासाठी याचा दुसरा उपयोग. प्रवाळाच्या कठड्यावरून लाटा सतत पाणी आतल्या उथळ भागात ढकलत असतात. ते पाणी बाहेर जातं कठड्यातल्या फटींमधून, आणि ओहोटी सुरू असली की हा ओढा आणखी जोराने वाहतो. बोटींना ये-जा करायला सोयीची ती फट पोहणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट जागा. मास्क लावून मासे बघायला भरतीच्या शेवटच्या तासात किंवा पाणी थबकलेलं असताना उतरावं. प्रवाळावर तेव्हा पुरेसं पाणी असतं, पोट खरचटत नाही. उघड्या पुळणीवर दोन फुटत्या लाटांच्या मधला शांत, गडद पट्टा पोहायला बरा दिसतो, पण पाणी बाहेर ओढून नेतं ते तिथूनच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. दमलात तर नुसतं तरंगत राहा आणि हात वर करा.

गोडं पाणी

लहान वाळूच्या बेटावर नदी नसते. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून भिंगासारखं तरंगत राहतं. गोडं आणि खारं पाणी यांच्या घनतेत फरक फार थोडा. समुद्रसपाटीपासून १ मीटर वर गोडं पाणी असेल तर हिशेबाने ते सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत असायला हवं, पण लहान बेटांवर हे भिंग त्याहून कितीतरी पातळ असतं. विहिरीतून जास्त उपसा झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. नळाचं पाणी मचूळ लागतं आणि साबणाला फेस येत नाही तो यामुळे. शांपूला येतो, म्हणून अंगालाही तोच वापरा. वस्ती दाट असेल तर शोषखड्ड्यांचं पाणीही याच भिंगात उतरतं. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी पर्यटकांची पोटं बिघडतात. दात घासायलाही पिण्याचंच पाणी घ्यावं.

माणशी दिवसाला ३-४ लिटर पिण्याचं पाणी धरावं, चालणं जास्त असेल तर अधिक. काही बेटं समुद्राचं पाणी गोडं करून भागवतात, आणि ती व्यवस्था किती नाजूक असते ते डिसेंबर २०१४ मध्ये मालेत दिसलं. तिथल्या प्रकल्पाला आग लागली आणि एक लाखाहून जास्त लोकांच्या नळाला पाणी उरलं नाही, भारताला विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवावं लागलं. वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहण्याची जागा बेट नव्हे.

गावात काय उरकायचं

धक्क्याच्या गावाला प्रवासी नाकं मुरडतात. माशांचा वास, डिझेलचे तवंग, हाका मारणारे दलाल. पण बँक, एक्स-रे निघेल असा दवाखाना, औषधांचं दुकान आणि अवाच्या सव्वा किमतीची नसलेली फळं तिथेच मिळतात. बेटावर एटीएम असलंच तर एखादं, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातले पैसे संपलेले. कार्डाचं यंत्र इंटरनेटवर, इंटरनेट विजेवर आणि वीज बऱ्याचदा जनरेटरवर. तेव्हा राहण्या-खाण्याचे सगळे पैसे रोख आणि लहान नोटांत घ्यावेत, आणि परतीच्या बोटीचे वेगळ्या खिशात ठेवून विसरून जावेत. जड बॅग गावातल्या हॉटेलात ठेवता येते. परत येताना तिथे एक रात्र राहणारच असाल तर ते सहसा पैसेही घेत नाहीत.

औषधांत जलसंजीवनीच्या पुड्या, जखमेचं मलम, पट्ट्या आणि पॅरासिटामॉल. ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्याला पुरत नाही. पुळणीवरच्या बारीक वाळूमाश्या पहाटे आणि संध्याकाळी. प्रवाळाने कापलं तर जखम बारीक दिसते पण चिघळते. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवावी, आतले कण काढावेत. स्टिंगरे किंवा स्टोनफिश या माशांचा विषारी काटा लागला तर साधारण ४५ अंशांपर्यंतच्या, सोसेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं पाय बुडवावा, वेदना उतरते. पाण्याचा गरमपणा दुसऱ्या, धड पायाने तपासायचा, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. मग दवाखाना. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाललं की स्टिंगरे आधीच सरकून जातो. बॉक्स जेलीफिशच्या किनाऱ्यांवर तिच्या डंखावर ओतायला व्हिनेगर लागतं. थायलंडच्या काही पुळणींवर त्याच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या दिसतील. शंकूच्या आकाराचा सुंदर जिवंत शंख उचलू नये, त्याचा डंख जीवघेणा असू शकतो. तशीही शंख-प्रवाळ घेऊन जायला अनेक ठिकाणी कायद्याने बंदी आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

सनस्क्रीनवरून आता नियम झाले आहेत. प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाने १ जानेवारी २०२० पासून बंद केली, हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्यांची विक्री १ जानेवारी २०२१ पासून. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर निम्म्या अंगाला लावायचा प्रश्नच मिटतो. मास्क लावून तरंगणाऱ्यांच्या मांड्यांची मागची बाजू हमखास भाजते, तेव्हा पायातही लांब काही घालावं.

सावलीचं एक. नारळाखाली झोळी बांधू नये हे सांगायला नको. कॅरिबियनमध्ये मात्र किनाऱ्यावर मांचिनील नावाचं झाड असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. त्याचा चीक कातडी भाजतो, पावसात झाडाखाली उभं राहिलं तरी फोड येतात. बऱ्याच ठिकाणी बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो.

परवाने आधी बघा. लक्षद्वीपला प्रवेशपत्राशिवाय जाता येत नाही. सिपादानला रोजच्या माणसांची संख्या ठरलेली आहे आणि २००४ अखेर तिथली सगळी हॉटेलं हलवल्यामुळे मुक्कामही करता येत नाही, राहायचं सेंपोर्नात किंवा माबुलसारख्या शेजारच्या बेटावर. थायलंडच्या फी फी बेटांवरची माया बे ही खाडी २०१८च्या जूनमध्ये बंद झाली ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली, बोराकाय २०१८ मध्ये सहा महिने बंद होतं. मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर दारू चालत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या पुळणीवरच. गिली बेटांवर मोटारी नाहीत, बॅग घोडागाडीत किंवा खांद्यावर.

आता परतीची ती जादा रात्र. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास थांबावं लागतं, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर पडू नये म्हणून. उंच घाटातून गाडीने जाणंही त्यातच आलं. शेवटच्या डाइव्हनंतर दुपारची बोट धरून धक्क्याच्या गावात आलात, मास्क आणि पाय-पंखे गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढलंत, ओले कपडे पंख्याखाली टांगलेत, की दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानापर्यंत ते तासही भरतात आणि कपडेही वाळतात.